कमरेला छोटं पिस्तूल बाळगावं का? (पुणे, बत्तीस बोअर, वडिलांचा परवाना)

गुलटेकडीकर | ६ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. हे लिहायला दोन महिने घेतले.

मार्केट यार्डात आमचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे, आजोबांपासूनचा. मी ४३ वर्षांचा. घरी बायको, नववीतला मुलगा, आई आणि वडील. वडील ७२ वर्षांचे, आम्ही त्यांना दादा म्हणतो. मे महिन्यात हडपसर-उंड्रीकडची उधारी वसूल करून स्कूटरवरून परत येत होतो. कात्रज-कोंढवा रस्त्यावर रात्री साडेनऊला एक मोटारसायकल पुढून आडवी आली आणि एक मागून. चौघे होते, दोघांच्या हातात कोयते. वय सांगू? माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पिशवीत १ लाख ८० हजार होते. मी पिशवी दिली. जाताना एकाने काही कारण नसताना स्कूटरच्या सीटवर कोयता मारला. सीट अजून बदललेली नाही. फिर्याद दिली आहे, तपास चालू आहे.

दादांकडे १९९४ पासून परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. तेव्हा सगळा व्यवहार रोखीचा होता. शेतकऱ्याची पट्टी रोख, हमाली रोख, गाडीभाडं रोख. ते पंचवीसेक वर्षं नेहरू शर्टाखाली चामडी होल्स्टरमध्ये बाळगून पहाटे साडेतीनला गाळ्यावर जायचे. एकदाही बाहेर काढावं लागलं नाही. आता म्हणतात, "तुझ्या नावावर करून घे आणि लावत जा." मला मात्र त्याचा आकार आणि वजन झेपेल असं वाटत नाही. लहान, शर्टाखाली दिसणार नाही असं काही घ्यावं असं डोक्यात आहे.

असं झाकून बाळगणं पुण्यात कायद्याने चालतं का? लहानात काय मिळतं? आणि जे खरोखर रोज बाळगतात त्यांनी त्यांचा अनुभव सांगा. व्यनि (खाजगी निरोप) नको, इथेच लिहा, बाकीच्यांनाही कामाला येईल.

---

केएफ_खडकी | ७ जुलै, सकाळी ७:२५

दादांचं रिव्हॉल्व्हर मला न बघता सांगता येईल. नळी खाली मोडून उघडणारं, सहा घरांचं, जुन्या ब्रिटिश वेब्ली घाटाचं. त्यातल्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर ती आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, किर्की फॅक्टरी. कारखाना १८६९ चा. माझं आयुष्य तिथे गेलं. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा आम्ही म्युनिशन्स इंडियाखाली आलो. तिचं मुख्यालयही इथे पुण्यातच आहे.

आता तुमचा प्रश्न. इंग्रजी सिनेमात किंवा यूट्यूबवर दिसतं ते बोटभर जाडीचं नाइन एमएम विसरा. ती सैन्याची आणि पोलिसांची गोळी, आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). परदेशी शस्त्र खाजगी माणसाला आयात करायची दारं ऐंशीच्या दशकातच बंद झाली. त्याआधी आलेली जुनी वेब्ली, वॉल्थर हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. आपल्या वाट्याला उरतं ते पॉइंट बत्तीस आणि पॉइंट बावीस.

बत्तीसमध्येही दोन जाती आहेत आणि लोक तिथे फसतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं, मूळ १८९६ च्या सुमाराचं. पिस्तुलाचं आखूड, १८९९ चं, अमेरिकन शस्त्रकार ब्राउनिंग साहेबाचं. दोन्ही ७.६५ मिलिमीटर म्हणवतात, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलंय की पिस्तूल, ते नीट वाचा.

लहानात म्हणाल तर २०१४ साली कानपूरने 'निर्भीक' काढलं. हलक्या धातूचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर, अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. बायकांच्या पर्समध्ये मावेल अशी त्याची जाहिरात झाली. इशापूरच्या कारखान्याचं 'निडर' बावीस बोअरचं, पाव किलोचं. २०२३ च्या ऑगस्टात 'प्रबळ' आलं, त्याची चक्री बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटर, वजन ६७५ ग्रॅमच्या आसपास. पिस्तुलात 'अशनी' आहे, चपटं असल्याने शर्टाखाली रिव्हॉल्व्हरपेक्षा कमी फुगतं.

पण हलकं म्हणजे बरं असं समजू नका. तीच गोळी हलक्या शस्त्रातून मारली की हाताला धक्का जास्त बसतो, आणि नळी आखूड म्हणजे नेम धरायची मागची माशी आणि पुढची माशी यांत अंतर कमी. नेम धरताना हात केसभर चुकला तर गोळी वीतभर चुकते. लहान शस्त्र चालवायला मोठ्यापेक्षा जास्त सराव लागतो. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

---

सनद२००३ | ७ जुलै, दुपारी १:४०

वकिली करते, शस्त्र परवान्याची प्रकरणं हाताळली आहेत. मुद्द्याचं आधी सांगते.

आपल्याकडे झाकून बाळगणं ही सवलत नाही, सक्ती आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा ताबा हवा. नाचवणं, रोखून दाखवणं पूर्ण बंद. २०२४ साली मुळशीतल्या जमिनीच्या वादात हातात पिस्तूल घेतलेली जी चित्रफीत सगळ्यांनी पाहिली, त्यात गोळी सुटलेली दिसत नाही. तरी अटक झाली. खंडेनवमीला शस्त्र पूजेला मांडणं ठीक आहे, पण वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गुलटेकडीकर, तुमच्या बाबतीत वारसाची तरतूद लागू होते. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. दादांच्या बाबतीत दोन्ही अटी भरतात. पण परवाना आपोआप येत नाही. पात्रता तुमची स्वतःची तपासली जाते. अर्ज ऑनलाइन, शस्त्र परवान्यांच्या एनडीएएल-एएलआयएस या सरकारी पोर्टलवर. पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळे आयुक्त, ग्रामीणला जिल्हाधिकारी. सोबत शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मग पोलीस ठाण्यातून चौकशी होते, शेजाऱ्यांनाही विचारतात. पोलिसांचा अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय द्यावा असं नियम सांगतो. नाकारलं तर कलम १८ खाली अपील आहे. मिळालं तर आता मुदत पाच वर्षांची, आधी तीन होती. कमाल दोन शस्त्रं.

मे महिन्याच्या फिर्यादीची प्रत जोडा. "भीती वाटते" यापेक्षा त्या कागदाला वजन आहे.

आणि निवडणुका. २०२४ मध्ये पुण्यात १३ मेला लोकसभेचं मतदान झालं, २० नोव्हेंबरला विधानसभेचं. आचारसंहितेत छाननी समिती ज्यांना सांगते त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं, निकालानंतर परत मिळतं. जमा करताना पावती घ्या आणि जपा.

---

गुलटेकडीकर | ७ जुलै, रात्री १०:०५

दोघांचेही मनापासून आभार. केएफ काका, घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं. बुडावर 'के एफ' आहे! दादांना सांगितलं तर चेहरा खुलला.

ताई, एकच विचारतो. त्या रात्री माझ्याकडे शस्त्र असतं आणि मी चालवलं असतं, तर मी आज कुठे असतो?

---

सनद२००३ | ८ जुलै, सकाळी ९:१५

>>मी आज कुठे असतो<<

प्रामाणिक उत्तर देते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. खाजगी बचावाची कलमं ३४ ते ४४. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत तुमचा हक्क पोचतो (३८). मालमत्तेसाठी तो जबरी चोरीसारख्या मोजक्या गुन्ह्यांतच इतका पोचतो (४१). पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कधीच नाही (३७).

आता तुमचीच रात्र घ्या. चौघे आडवे उभे आहेत, कोयता उगारलेला आहे, तोवर हक्क तुमच्या बाजूने. पिशवी घेऊन मोटारसायकल वळली, पाठ दिसली, तुम्हाला किंवा कुणाला भीती उरली नाही, आणि मग गोळी सुटली, तर तो बचाव कोर्टात टिकवणं फार अवघड. या दोन क्षणांत किती वेळ गेला होता आठवा. शिवाय गोळी ज्याला लागेल तो कदाचित १७ वर्षांचा असेल. आणि तुमची बाजू बरोबर असली तरी शस्त्र जप्त होतं, जबाब, तारखा, खर्च चुकत नाही.

घेऊ नका असं म्हणत नाही. घेताना हे माहीत असावं.

---

घोरपडी_सुभेदार | ८ जुलै, रात्री ८:३०

२८ वर्षं पायदळात होतो. निवृत्तीनंतर काही वर्षं रोकड नेणाऱ्या गाडीवर सुरक्षेचं काम केलं. माझं स्वतःचं बत्तीस बोअर पिस्तूल आहे.

१९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांचे प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक हिशोब मांडला. चाकूवाला माणूस २१ फुटांवर उभा असेल तर तो तुमच्यापर्यंत साधारण दीड सेकंदात पोचतो. सराव असलेला पोलीस कमरेचं उघडं पिस्तूल काढून गोळी मारायलाही तेवढाच वेळ घेतो. आता तुमचं बघा. स्कूटरवर बसलेले, दोन्ही हात हँडलला, डोक्यावर हेल्मेट, अंगात जर्किन, त्याखाली शर्ट, त्याखाली होल्स्टर. आणि ते २१ फुटांवर नव्हते, हातभरावर होते. तुम्ही पिशवी दिलीत म्हणून आज धागा लिहिताय. तो निर्णय बरोबर होता. त्याबद्दल मनात काही ठेवू नका.

पावसाळ्यात बाळगून बघा. घाम आणि ओल यांनी गंज धरतो, चामडं पाणी पितं. गाडीवरून उतरताना बूड टोचतं. देवळात जायचं, दवाखान्यात जायचं, कोर्टात जायचं, तर ठेवणार कुठे? स्कूटरच्या डिकीत? कदापि नाही. माझ्या ओळखीच्या एकाचं डिकीतून गेलं. त्याचे पुढचे महिने ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात गेले.

एक गोष्ट सगळ्यांनी वाचा, परवाना असो नसो. पिस्तुलातून मॅगझिन (गोळ्यांचा खण) काढलं म्हणजे ते रिकामं झालं नाही. एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, उरलेली असू शकते. साफसफाई करताना सुटलेल्या बऱ्याच गोळ्या अशाच. मॅगझिन आधी काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. नळी नेहमी अशा बाजूला की चुकून सुटली तरी कुणाला लागू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची आमची पद्धत होती, पडून आपटलं तरी बार होऊ नये म्हणून.

बालेवाडीला जा. शिवछत्रपती क्रीडानगरीत शूटिंग रेंज आहे. आधी एअर पिस्तूलने सुरुवात करा. ४.५ मिलिमीटरचं, २० जूलपेक्षा कमी ताकदीचं असेल तर त्याला परवाना लागत नाही. दोन महिने जाऊन या आणि मग विचार करा.

---

ओतूरकर | ८ जुलै, रात्री ९:०२

आमच्या जुन्नर भागात बिबट्यामुळे लोक शस्त्र परवाना मागतात. उसात रात्री पाणी द्यायला जावं लागतं. त्यासाठी हे छोटं पिस्तूल चालेल का?

---

घोरपडी_सुभेदार | ८ जुलै, रात्री ९:२०

नाही भाऊ. अंधारात, उसात, धावत्या जनावरावर बत्तीसची गोळी म्हणजे जखमी बिबट्या मागे लावून घेणं. शिवाय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर. टॉर्च, घुंगरू लावलेली काठी, सोबतीला माणूस आणि वन विभागाला फोन. वीज दिवसा मिळावी म्हणून भांडा, त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

---

ऑस्टिनकर | ९ जुलै, पहाटे ४:१५

मूळचा सदाशिव पेठेतला, आता १४ वर्षं टेक्सासमध्ये. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर तर न्यूयॉर्कसारख्या कडक राज्यालाही "खास कारण दाखवा" ही अट सोडावी लागली. म्हणजे तुमच्या बरोबर उलटं टोक.

मी २०१९ मध्ये सिग पी३६५ घेतलं. २०१८ ला बाजारात आलेलं, तळहाताएवढं, मॅगझिनमध्ये दहा आणि चेंबरमध्ये एक, रिकामं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. लहान पिस्तुलांची इथली सगळी बाजारपेठ त्याने बदलली. तेव्हा वाटलं होतं की आकाराचा प्रश्न सुटला म्हणजे सगळा सुटला. तसं झालं नाही. ते लागलं की माझं कपडे घालणं बदललं, मुलीला कडेवर घेण्याची बाजू बदलली. हॉटेलात भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो. एका पार्किंगमध्ये कुणीतरी हॉर्न वाजवून शिवी दिली, आणि एरवी मी काच खाली करून दोन शब्द सुनावले असते, तिथे गप्प राहिलो. कारण आता भांडण वाढलं तर त्यात पिस्तूल आहे हे मला ठाऊक होतं. हा बदल मात्र मला चांगला वाटला.

मुलगी चालायला लागली तसं मी ते तिजोरीत ठेवलं. बोटाच्या ठशावर उघडणारी आहे. गेल्या तीन वर्षांत फक्त रेंजवर नेलं.

---

मावळवारा | ९ जुलै, सकाळी ११:३०

पिस्तूल राहू द्या, रोकडच कमी करा की. क्यूआर कोड लावा, आरटीजीएस घ्या.

---

गुलटेकडीकर | ९ जुलै, दुपारी ३:५०

केलंय हो. निम्म्याहून जास्त आता बँकेतूनच येतं. पण हातगाडीवाले, छोटे खानावळवाले आठवड्याची उधारी रोखच देतात. त्यांच्याकडेही ती रोखच येते. आणि हमालांना संध्याकाळी हातात पैसे लागतात. त्यांना मोबाइल दाखवून चालत नाही.

---

केतकी_व | ९ जुलै, रात्री ११:५५

मी एरवी वाचनमात्र असते. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या बाबांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते ठेकेदार होते, लांब लांबच्या साइटवर पगार वाटायला जायचे. आम्हा भावंडांना ते कपाटात आहे एवढं ठाऊक होतं. लहानपणी कधी भीती वाटली नाही. उलट अभिमान होता.

आई गेल्यावर बाबा बदलले. जेवण कमी झालं, रात्री जागे असायचे, दिवाणखान्यात अंधारात बसलेले दिसायचे. धंदा बंद केला होता, साइटवर जाणं थांबलं होतं. म्हणजे ज्या कारणासाठी शस्त्र घेतलं ते कारण संपलं होतं आणि शस्त्र तिथेच होतं. एका रात्री पाणी प्यायला उठले तर कपाट उघडं होतं आणि बाबा समोर बसलेले. हातात काही नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसले. आम्ही दोघंही काही बोललो नाही. पहाटे त्यांनीच चावी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी बाबांना घेऊन ठाण्यात गेलो. मला वाटलं होतं आमच्याकडे संशयाने बघतील. ड्यूटीवरच्या हवालदारांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला, नंबर तपासला, काडतुसं मोजली, पावती दिली. नंतर ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकलं. बाबांचे उपचार झाले. आज ते ७९ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी तळजाईला फिरायला जातात. हे सगळं त्यांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही."

गुलटेकडीकर, तुम्ही आकार विचारलात, वजन विचारलंत, कायदा विचारलात. माझा प्रश्न वेगळा आहे. रात्री तुम्ही झोपता तेव्हा ते कुठे असणार? चावी कोणाकडे असणार? नववीतल्या मुलाला ती जागा किती दिवसांत कळेल? दादांच्या घरात आज ती कुठे आहे?

(कुणाच्या घरी असं काही चाललं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि शस्त्र त्या दिवशीच घराबाहेर हलवा. सोबत परवानाधारकाला न्या, किंवा ठाण्यात आधी फोन करा.)

---

सनद२००३ | १० जुलै, सकाळी ८:४०

केतकी, तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात मनःस्थितीचा रकाना असतो. लोक तो निव्वळ औपचारिकता म्हणून भरतात. पण तो अर्जाच्या दिवसापुरता असतो आणि परवाना पाच वर्षांचा. मधल्या पाच वर्षांत घरच्यांनीच बघायचं असतं. नियमांप्रमाणे शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येतं. अडचण आली तर लपवायची गरज नाही.

---

पौड_रोड_शेती | १० जुलै, रात्री ७:१५

मी नऊ वर्षं बाळगतोय. मुळशीकडे शेत आहे, जमिनीचा जुना वाद आहे, एकदा रात्री घराला कडी घालून शेड पेटवलं होतं. त्यानंतर परवाना काढला. दर महिन्याला रेंजवर जातो. कधीच काढलं नाही आणि देवाने काढायची वेळ आणू नये. पण रात्री साडेअकराला पंपावर एकटा जातो तेव्हा ते आहे म्हणून जातो. ठाणं आमच्यापासून १८ किलोमीटर आहे. शहरातल्या माणसांनी हे अंतरही धरावं. घरी लोखंडी तिजोरी भिंतीत बोल्टने बसवली आहे, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, चावी गळ्यात.

केतकीताईंचं वाचून मात्र एक केलं. बायकोला सांगितलं, मी कधी वेगळा वागताना दिसलो तर न विचारता भावाला बोलाव आणि चावी काढून घे.

---

गुलटेकडीकर | १३ जुलै, रात्री १०:२०

केतकीताई, तुमच्या प्रश्नाला तीन दिवस उत्तर देता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. शेवटी दादांना विचारलं, चावी कुठे असते. म्हणाले, "देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे." मुलगा बाजूलाच अभ्यास करत होता. वर न बघता म्हणाला, "मला माहितीये."

कधीपासून, विचारलं. "चौथीपासून."

दादा त्या रात्री जेवले नाहीत.

---

घोरपडी_सुभेदार | १४ जुलै, सकाळी ६:५०

पोराला रागावू नका. त्याला बसवून सुरक्षितता शिकवा, आणि चावीची जागा आजच बदला. लपवलेली जागा मुलांपासून लपत नाही. कुलूपच लागतं.

---

गुलटेकडीकर | २ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बऱ्याच जणांनी विचारपूस केली, म्हणून काय झालं ते लिहितो.

बालेवाडीला ऑगस्टपासून जातोय, आठवड्यातून दोनदा, गाळा आवरल्यावर. एअर पिस्तूल १० मीटरवर. पहिल्या महिन्यात कागदाच्या बाहेर भिंतीवरच जास्त. आता बरं जमतं. एक दिवस सुभेदारसाहेब मुद्दाम आले (इथेच ओळख झाली, मोठा माणूस). त्यांनी मला जिना चारदा पळत वर-खाली करायला लावला आणि मग नेम धरायला सांगितला. छाती धडधडत होती, पुढची माशी नाचत होती, पाचपैकी एक छरा मधल्या काळ्या वर्तुळात गेला. समोर उभा होता तो कागद. त्या रात्रीचे चौघे डोळ्यांपुढे आले. त्यांच्या मागे रस्त्यावर रिक्षा थांबली होती, तीही आठवली. रिक्षात एक बाई आणि लहान मूल होतं.

प्रशिक्षणाचा दाखला मिळाला. वारसाचा अर्ज भरला आहे, ठाण्यातून चौकशी होऊन गेली. नवीन छोटं पिस्तूल घ्यायचा विचार सोडला. परवाना मिळाला तर दादांचंच ठेवीन, रेंजवर नेण्यासाठी. कमरेला लावणार नाही. उधारीची वसुली आता दुपारी करतो, दोघं मिळून, चारचाकीने. हातगाडीवाल्यांतले आठ-दहा जण बँकेवर आले. हमालांची रोकड गाळ्याच्या तिजोरीत असते, घरी येत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याने रात्री अजूनही छातीत धडधडतं. ते जाईल तेव्हा जाईल.

पौड रोडवाले दादा, तुमच्या जागी मी असतो तर कदाचित मीही लावलं असतं. तुमचं ठाणं १८ किलोमीटरवर आहे, माझं दीड.

केतकीताई, तुमचं उत्तर. जुलैमध्येच दादा आणि मी शस्त्र विक्रेत्याकडे जाऊन रिव्हॉल्व्हर जमा करून आलो. परवान्यावर नोंद झाली, पावती मिळाली. निघताना दादांनी होल्स्टर काढून घेतलं, त्याचं शस्त्राशी काही देणंघेणं नाही म्हणाले. आता त्यात त्यांचा चष्मा असतो. देवघरातली चावी मुलाने स्वतः काढून माझ्या हातात दिली. मुलाची दहावी पुढच्या वर्षी आहे. तोवर रिव्हॉल्व्हर विक्रेत्याकडेच राहील असं ठरलंय. नंतर घरी आणायचं झालं तर आधी भिंतीत तिजोरी बसवायची आणि तिचा आकडा मी आणि बायको, दोघांनाच ठाऊक.

---

केतकी_व | २ नोव्हेंबर, रात्री ११:०८

बाबांना वाचून दाखवलं. दादा फिरायला येत असतील तर तळजाईला सहा वाजता वरच्या बाकावर बाबा असतात, असं सांगायला सांगितलंय.

---

गुलटेकडीकर | ३ नोव्हेंबर, पहाटे ३:१०

गाळ्यावर निघालोय. दादा उठलेच आहेत, विचारतात थर्मास आणू का.